मधली तुकडी

"नर्सबाय, ताकतीचं येक इंजेक्शन मारा ना!"

काशीद आणि मुरूडच्या मधल्या एका कोळीवाड्याच्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून अख्खी नोकरी काढली. हे वाक्य तिथे इतक्यांदा ऐकलं, की निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सरपंचांनी "बाई, आता काय इच्छा?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून "मलाच एक ताकदीचं मारा" असं निघून गेलं. सभा हसली. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मात्र "मग इतकी वर्षं आमाला का न्हाय मारलं?" असा रास्त सवाल केला आणि चहा येईपर्यंत तोच विषय चालू राहिला.

ताकदीच्या इंजेक्शनाबद्दल लोकांच्या कल्पना अगदी ठाम असतात. ते लाल असावं. टोचताना दुखावं, कारण न दुखणारं इंजेक्शन म्हणजे सरकारी पाणी. त्यापेक्षा सलाईन बरं, आणि सलाईनची बाटली लाल असेल तर सोन्याहून पिवळं. मोठी साथ येऊन गेल्यापासून याच मागणीला 'इम्युनिटी' हे नवं नाव मिळालं. पूर्वी लोक इंजेक्शन मागायचे, आता काढा, पावडर, थेंब, गोळ्या असं काहीही मागतात. मागत नाहीत ती एकच गोष्ट, सल्ला. तो फुकट असतो ना.

आमच्या गावातले निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे नुसतं गुरुजी म्हणतात, हे या बाबतीत आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या मुंबईच्या मुलाने फोनवर काढ्याची कृती पाठवली होती. मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, हळद, तुळस. मुलाने लिहिलं होतं, एक कप घ्या. गुरुजींनी विचार केला, एका कपाने फायदा होत असेल तर तांब्याभर घेतल्यावर किती होईल! पहाटे उठून ते काढा उकळायला लागले. काही आठवड्यांनी तोंड आलं, छातीत जळजळ सुरू झाली, जेवण उतरेना, झोप उडाली. माझ्याकडे आले ते विजयी मुद्रेने.

"सिस्टर, प्रतिकारशक्ती वाढते आहे. आतून जाणवतं."

"गुरुजी, ते आम्लपित्त आहे."

त्यांच्या सौ. शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, महिनाभर घरात आमटीला मिरीचा दाणा उरला नाही. यांना काहीतरी सांगा, नाहीतर मलाच काहीतरी द्या."

मी सांगितलं, काढा आवडत असेल तर चवीपुरता कपभर घ्या, पण त्यासाठी पहाटेची झोप मोडू नका. झोप हेही औषध आहे आणि ते उकळावं लागत नाही. गुरुजींना हे फारसं पटलं नाही. इतकं सोपं औषध खरं असेल, यावर शिकलेल्या माणसाचा विश्वास लवकर बसत नाही.

मी स्वतः चौलकडच्या नारळी-सुपारीच्या वाडीतली. त्यामुळे प्रतिकारशक्ती म्हणजे काय, हे मी लोकांना वाडीच्याच भाषेत सांगायची. वाडीला राखण्या असतो. चोर आला की ओरडतो, काठी घेऊन धावतो. मालक म्हातारा होतो तसा राखण्याही म्हातारा होतो. त्याला चोर उशिरा दिसतो, जुना चोर ओळखू येत नाही, आणि धावायचं म्हटलं तर गुडघे धरतात. लस म्हणजे त्याला चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवणं. झोप म्हणजे त्याची सुट्टी. चालणं-फिरणं म्हणजे वाडीला रोज एक फेरी. आणि राखण्याला दोन वेळचं पोटभर जेवण हवं. उपाशी राखण्याच्या हातात कितीही भारी काठी दिली तरी तो चोरावर काय धावणार? आधी पोटोबा मग विठोबा, हे राखण्यालाही लागू आहे.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी यातलं जेवणाचं कलम मला नीट कळलं ते नोकरीच्या शेवटच्या वर्षात, हिरामावशीच्या घरी. ती गोष्ट सांगायलाच मी हा लेख लिहायला बसले आहे.

हिरामावशी पंचाहत्तरी ओलांडलेली कोळीण. मुरूडच्या बाजारात मासळी विकण्यात तिचा जन्म गेला. बाजाराच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, खांबाशेजारी तिची जागा. आवाज असा, की तिने तिथे "घे गो पापलेट" म्हटलं की रस्त्यावरची रिक्षा थांबावी. गुरुजी तिचं कायमचं गिऱ्हाईक. तिच्याशी तासभर हुज्जत घालून घेतलेलं पापलेटच त्यांना गोड लागायचं.

त्या हिवाळ्यात मावशीला न्यूमोनिया झाला. अलिबागला दवाखान्यात ठेवावं लागलं. बरी होऊन घरी आली, पण आली ती निम्मी होऊन. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. त्यानंतर तिचं चक्रच सुरू झालं. जरा थंडी पडली की ताप, पाहुण्यांच्या पोराला सर्दी झाली की मावशीला खोकला. एक दुखणं जातंय तोवर दुसरं दारात उभं.

तिचा मुलगा जगन, होडीचा मालक. सून वनिता शनिवार-रविवारी पर्यटकांना घरगुती जेवण करून घालते. घराच्या भिंतीवर तशी पाटी आहे आणि हंगामात ओटीवर पंगती उठतात. दोघंही मनाने चांगली. आईला हवा लागू नये म्हणून जगनने तिच्या खोलीची खिडकी खिळे ठोकून बंद केली होती, यावरूनच त्याचं प्रेम समजून घ्या. त्याने ठरवून टाकलं की आता आईने बाजारात बसायचं नाही.

ही साधी गोष्ट नव्हती. त्या बाजाराचा एक अलिखित रिवाज आहे. पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा बाजारातल्या जागा रिकाम्या पडतात. बंदी उठून ताजी मासळी आली की त्या पहिल्या दिवशी जी बाई आपल्या जागेवर मासळीची पाटी मांडते, तिची जागा वर्षभर राहते. जी येत नाही, तिची जागा दुसरीची. जगनने आईची जागा चुलत्याच्या सुनेला द्यायचं कबूलही करून टाकलं होतं. वनिताला तिच्या जेवणावळींतून सवड नव्हती.

मी तपासायला गेले की मावशी माझा हात धरायची. "बाय, मना माज्या जाग्यावर बसव. मरान आला तर तिथं येवदे. या खाटेवर नको गो."

हे ती हसत म्हणायची, पण हात सोडायची नाही. मला तिचा फार लळा होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती राहील की नाही, अशी भीती मला वाटत होती, हे आज सांगायला हरकत नाही.

मग मी कंबर कसली. आमच्या डॉक्टर मॅडमकडून सगळं तपासून घेतलं. साखर बरी होती, छाती साफ झाली होती. मॅडम म्हणाल्या, "रोग आता उरलेला नाही. अंगात काही नाही म्हणून प्रत्येक साथ हिच्याकडे मुक्कामाला येते." त्यांनी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस द्यायला सांगितली. मावशीने सुई पाहून "लाल न्हाय?" असं विचारून नाक मुरडलं, पण दोन्ही घेतल्या. जगनच्या पाठीमागे लागून खिडकीचे खिळे काढायला लावले. दात घासण्याच्या नावाखाली ती दिवसभर तंबाखूची मिश्री लावायची, तिच्यावर घासाघीस करून ती सकाळपुरती आणली, मग तीही सुटली.

दातांचा प्रश्न होता. वरचे सगळे पडलेले. जगनने कवळी करून आणली होती, पण ती डब्यात कापसात गुंडाळलेली. मी विचारलं, घालत का नाही? तर म्हणाली, "घालते ना. लग्नान घालते, हळदीला घालते, फोटू काढताना घालते."

"आणि जेवताना?"

"जेवताना? जेवून जेवून झिजंल की गो ती!"

तेही समजावलं. मग जेवणाची चौकशी. मी नेहमीसारखं विचारलं, "मावशी, मासळी रोज खाता ना?" त्यावर ती अशी काही उसळली, की मला बरंच वाटलं. "कोल्याची बाय मी! मासली न्हाय खानार त काय गवात खानार? रोज कालवन असतंय आमच्या घरान."

म्हटलं, चला, ही बाजू भक्कम आहे. डाळ-भातावर जगणाऱ्या माझ्या माहेरच्या म्हाताऱ्या मी अंड्याचं नाव काढलं तरी रामरक्षा म्हणायच्या. इथे तर समुद्रच घरात शिजतोय.

आणि तरी मे महिन्यात मावशीला पुन्हा ताप आला.

जगन माझ्यावर चिडला नाही, पण म्हणाला, "मॅडम, तुमी लई केलात. आता राहूदे. पहिल्या दिवशी चुलत्याची सून बसंल जाग्यावर. आईला पन सांगितलंय."

मावशी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. लस झाली, खिडकी झाली, मिश्री सुटली. राखण्या तरी का उठत नाही?

ताप उतरल्यावर एका रविवारी दुपारी मी तिला बघायला गेले. ओटीवर पर्यटकांची पंगत बसलेली. मावशी स्वयंपाकघरात खाली बसून पातेल्यातून वाढत होती. आजारी असली तरी त्या घरात डाव तिच्याच हातात. मला बघून म्हणाली, "आज जेवल्याबिगर जायाचा न्हाय. वालाचं बिरडं केलंय तुज्यासाठी. पातेलं कोरं हाय, बाय. मासलीची सावली पन परली न्हाय त्याच्यावर."

एवढ्या वर्षांत मी कोळीवाड्यात चहा शेकडो वेळा घेतला, पण जेवायला कधी बसले नव्हते. मी शाकाहारी म्हणून त्यांनाच संकोच. लहानपणी आमच्या वाडीजवळून मासळीची टोपली गेली तरी आजी उदबत्ती लावायची, त्यामुळे मासळीचं कालवण पातेल्यात कसं असतं, ताटात कसं येतं, हे मी कधी जवळून पाहिलेलंच नव्हतं. त्या दिवशी नाकाला पदर न लावता मावशीच्या शेजारी पाटावर बसले आणि बिरड्याची वाट बघत तिचं वाढणं बघू लागले.

सुरमईचं कालवण होतं. तिच्या हाताला पातेल्यातला तुकडा न् तुकडा पाठ. पोटाजवळच्या जाड, मधल्या तुकड्या निवडून पर्यटकांच्या ताटात गेल्या. मग जगनच्या ताटात दोन, कारण तो दर्यात जाणारा. नातवाला एक. डोकं वनितासाठी बाजूला. शेपटीकडचं जे उरलं ते ओटीवरून पुन्हा मागणी आली म्हणून तिकडे. मग मावशीने स्वतःचं ताट ओढलं. भाताचा डोंगर केला, मधे खळगा केला आणि त्यात लालभडक रस्सा ओतला. काठोकाठ.

मी वाट बघत होते. तिने कालवायला सुरुवात केली.

"मावशी, मासळी कुठाय?"

"ही काय!" तिने रश्शाकडे बोट दाखवलं.

"तो रस्सा झाला. तुकडी?"

"तुकरी?" मावशीला माझ्या अज्ञानाची कीव आली. "तुकरी दर्यान जानाऱ्याला, गो. नायतर पाव्हन्याला. रांधनारीला रस्सा. सगला गुन रश्शान उतरतंय."

"कधीपासून?"

"लगीन करून आले तवापासनं. माजी सासू पन तशीच जेवायची."

मी बिरड्याचा घास हातात घेऊन तशीच बसले. घरात काय शिजतं, हे मी गावभर विचारत फिरले होते. कोणाच्या ताटात काय पडतं, हे विचारायचं असतं, हे शाकाहारी नर्सला कोण सांगणार? या बाईने जन्मभर टोपल्या भरभरून मासळी विकली, रोज पातेलंभर शिजवली आणि स्वतः मसाल्याचं पाणी खाऊन उठली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. आणि आपल्याकडे बाळाचं वजन पावशेर घटलं तरी घर डोक्यावर घेतात, म्हातारीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या तर "वय झालं" म्हणतात. मीही हजारो बाळं काट्यावर ठेवली, पण आज्यांना काट्यावर उभं करायचं कोणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं. याची रुखरुख मात्र आहे.

मी तिला सांगितलं, मावशी, अंगातला राखण्या तिखटावर जगत नाही. त्याला मासळीचं मांस हवं, अंडं हवं, वाल-चवळी हवी. उतारवयात तर तरण्यापेक्षा जास्तच सांभाळून हवं. तिने मान हलवली. पालथ्या घड्यावर पाणी.

"कमावनाऱ्याच्या तोंडातला काढून मी खाऊ व्हय? शोभंल का?"

इथे माझं नर्सिंग संपलं आणि हुज्जत सुरू झाली. मी म्हटलं, "बरं, तुमचाच रिवाज घेऊ. तुकडी दर्यात जाणाऱ्याला. मग त्याने आणलेली मासळी बाजारात बसून विकते ती कोण? ती घरात बसलेली का?"

मावशीचा हात ताटात थांबला.

"होडी नुसती पुढच्या नाळेवर चालते का, मावशी? मागे सुकाणू लागतंच ना? तुम्हाला जागेवर बसायचंय ना? मग राबणाऱ्याच्या पंगतीला बसा. नाहीतर रस्सा खा आणि जागा द्या चुलत्याच्या सुनेला."

हे वर्मी लागलं. पण मावशीपेक्षा जास्त लागलं जगनला. तो दारात हात धुऊन उभा होता. पुरुष आधी जेवून उठतात, बायकांच्या ताटात काय असतं हे त्याने तरी कधी पाहिलेलं? "आई, तू रस्साच खातंस?" एवढंच म्हणाला. मग तो तरातरा चुलीकडे गेला. पर्यटकांच्या दुसऱ्या वाढपासाठी वनिताने तव्यावर तळलेल्या दोन तुकड्या ठेवल्या होत्या, त्या उचलून त्याने आईच्या रश्शात ठेवल्या.

वनिता म्हणाली, "अहो, पाव्हण्यांना काय सांगू?"

"सांग, घरच्या मानसाला कमी परली."

मावशीने दोन्ही तुकड्यांकडे असं पाहिलं, की जणू चोरीचा माल ताटात आलाय. मग म्हणाली, "वनिता, माजी कवली आन."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवायला बसले. आमटी नेहमीप्रमाणे वरवरची वाढून घेत होते, खालची दाट डाळ यांच्यासाठी ठेवून. माझी आई तसंच करायची. मी डाव तळापर्यंत घातला आणि चांगली ढवळून घेतली. यजमान म्हणाले, "आज काय विशेष?" मी म्हटलं, राखण्या जेवतोय.

नुसत्या खाण्याने भागणार नव्हतं. अंगात ताकद येते ती वापरली तरच टिकते. मी मावशीला अट घातली की ज्या दिवशी हात न टेकता बसलेल्या उठाल, त्या दिवशी मी स्वतः जगनला सांगेन, आईला बाजारात जाऊ दे. तेव्हा तिला खाटेवरून उठायला वनिताचा खांदा लागायचा.

जूनमध्ये बंदी लागली. होड्या वर ओढल्या, जाळी पडवीत आली आणि बर्फाच्या मोठ्या पेट्या रिकाम्या होऊन ओळीने पालथ्या पडल्या. पालथ्या पेटीची उंची खुर्चीएवढी. मी मावशीला त्यावर बसवलं आणि उठायला सांगितलं. पहिल्या दिवशी ती अर्धी उठून परत धप्पकन बसली आणि पेटीला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी शेजारची एक म्हातारी "बघू तरी" म्हणून बाजूच्या पेटीवर बसली. आठवडाभरात पडवीत सगळ्या पेट्यांवर म्हाताऱ्या! बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत कोळणी एका सुरात उठताहेत, बसताहेत, मधे एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढताहेत. पोरं खिडकीतून हसायची. माझ्या नोकरीत मी यापेक्षा आनंदाचं दृश्य पाहिलेलं नाही.

एक दिवस गुरुजी छत्री मिटत आले. "सिस्टर, हा काय प्रकार आहे?"

"हा काढा आहे, गुरुजी. उकळायला लागत नाही."

मावशी पेटीवरून ओरडली, "या गुरजी, बसा! उठता येतंय का बगू!" गुरुजी ऐटीत बसले. उठायला गेले आणि मधेच अडकले. दोन म्हाताऱ्यांनी त्यांना दंड धरून उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी रोज यायला लागले, आणि हळूहळू त्यांची झोपही परत आली, असं त्यांच्या सौ.नी मला सांगितलं.

बंदीत ताजी मासळी नसते. मावशीच्या ताटात सुक्या कोळंबीचे सोडे, सुके बोंबील, अंडी, वाल, चवळी असं आलटून पालटून जायला लागलं. सोडे कोणाला किती, यावर आता जगनची नजर. जुलैमध्ये घरात सगळ्यांना सर्दी झाली. मावशीलाही झाली. पण दोन-तीन दिवस शिंका देऊन, नीट पाहुणचार न मिळालेल्या पाहुण्यासारखी आपणहून निघून गेली. ताप नाही, दवाखाना नाही. हे एकट्या मासळीने केलं असं मी म्हणणार नाही. लस होती, उघडी खिडकी होती, सुटलेली मिश्री होती, पेट्यांवरचं उठणं-बसणं होतं, आणि सोबतीचं हसणं होतं. पण पोट रिकामं असतं तर बाकीच्यांनी काय केलं असतं?

जुलै सरता सरता परीक्षा झाली. पडवीत सगळा वाडा जमलेला. मावशी पेटीवर बसली. दोन्ही हात छातीवर घेतले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि उठली. सरळ. कशालाही न धरता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बसून दावू परत?" जगन बाहेर गेला आणि आईची बाजाराची पाटी घासून धुऊन उन्हात ठेवली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बंदी उठून पहिल्या होड्या आल्या त्या सकाळी मी सुट्टी टाकून मुरूडच्या बाजारात गेले. या खेपेला पदर नाकाला होता, तेवढं चालवून घ्या. दारातून आत, डाव्या हाताला, खांबाशेजारी हिरामावशी बसली होती. केसांत अबोलीची वेणी, तोंडात कवळी, पुढ्यात मांदेलींचा ढीग आणि पापलेटं. पहिलं गिऱ्हाईक गुरुजी. भवानीच्या वेळीसुद्धा त्यांनी हुज्जत घातली, आणि मावशीने असा आवाज लावला, की बाहेर खरोखरच एक रिक्षा थांबली.

"जेवायला ये गो दुपारी," ती मला म्हणाली. "कोरं पातेलं हाय."

दुपारी आम्ही पाचजणं गोल बसलो. आज पाहुणे नव्हते. मावशीने सुरमईची पोटाकडची जाड तुकडी स्वतःच्या ताटात घेतली, अगदी हक्काने. जगनला एक, नातवाला एक. मला बिरडं. वनिता सगळ्यांना भाकरी वाढून शेवटी टेकली, भात घेतला, मधे खळगा केला आणि त्यात रस्सा ओतला.

मावशीचा घास तोंडाशी पोचला होता. तो तिने खाली ठेवला.

"वनिता, तुजी तुकरी कुटं हाय?"

"राहूदे ओ आई. मला रस्साच बरा लागतोय."

"बरा लागतोय!" मावशीने आपल्या ताटातली तुकडी काट्यासकट मधोमध मोडली आणि अर्धी सुनेच्या भातावर ठेवली. "खा गुमान. तू काय म्हातारी व्हनार न्हाय?"